बाळंतिणीचे पोट आणि सव्वा महिन्याची विश्रांती

बाळ दोन महिन्यांचे झाले तरी "अगं, अजून एक आहे की काय आत?" असे हसत विचारणारी एखादी मावशी प्रत्येक गल्लीत असतेच. विचारणारीला ती गंमत वाटते. जिला विचारले ती त्या रात्री जुनी साडी फाडून पोट आणखी घट्ट आवळते. दुसऱ्या दिवसापासून भात बंद करते. कोणी सांगितले म्हणून मेडिकलमधून चारशे-पाचशेचा पट्टा आणते, नाहीतर मोबाईलवर जाहिरात पाहून पोट उतरवायचे चूर्ण मागवते. आणि हे सगळे करत असताना नळावरून भरलेला हंडा कमरेवर घेऊन तीच जिना चढत असते.

या सगळ्यात पोटाला खरी इजा होते ती त्या हंड्याने. म्हणून पोट कमी कसे करायचे हे सांगण्याआधी पोटात नेमके काय झालेले असते ते समजून घेऊ.

सुटलेले पोट म्हणजे काय

बाळंत झाल्या झाल्या गर्भाशयाचे वजन साधारण एक किलो असते आणि त्याचा वरचा काठ बेंबीच्या आसपास हाताला लागतो. रोज साधारण एक बोट या हिशेबाने ते खाली उतरते. दोन आठवड्यांत ते ओटीपोटाच्या हाडामागे जाते आणि सहा आठवड्यांत जवळजवळ मूळच्या, म्हणजे मुठीएवढ्या आकाराचे होते. बाळ अंगावर पीत असताना पोटात कळा येतात, त्या गर्भाशय आवळण्याच्याच असतात. पहिल्या दोन आठवड्यांत पोट मोठे दिसते यात काही बिघडलेले नसते. ते असेच असायला हवे.

दुसरी गोष्ट स्नायूंची. फासळ्यांपासून खाली जांघांमधल्या हाडापर्यंत पोटावर दोन उभे स्नायू असतात. त्या दोघांना मधोमध एक पांढरी पट्टी जोडते. पोटातले बाळ वाढते तशी ही पट्टी ताणली जाते आणि दोन्ही स्नायू बाजूला सरकतात. शेवटच्या महिन्यांत जवळजवळ प्रत्येक बाईचे असे होते. बाळंतपणानंतर पहिल्या आठ आठवड्यांत ही फट बरीच मिटते. त्यानंतर मिटण्याचा वेग मंदावतो आणि काहींची फट तशीच राहते. मग वजन वाढलेले नसतानाही पोट पुढे आलेले दिसते, कंबर दुखते, पलंगावरून उठताना पोटाच्या मधोमध वरवंटा उभा धरावा तसा उंचवटा येतो.

तिसरी गोष्ट कोणी बोलत नाही ती. ओटीपोटाच्या तळाला स्नायूंची एक झोळी असते. लघवीची पिशवी, गर्भाशय आणि शौचाची जागा या तिन्हींना ती खालून धरून ठेवते. नऊ महिने तिच्यावर ओझे असते, आणि खालून बाळंतपण झाले असेल तर ती झोळी ताणलेली, कधी फाटून टाके घातलेलीही असते. ती ढिली राहिली की खोकताना, शिंकताना, हसताना लघवीचे थेंब गळतात. पुढे काही वर्षांनी खाली काहीतरी उतरल्यासारखे वाटते. आपल्याकडे त्याला 'अंग बाहेर येणे' म्हणतात.

चौथी गोष्ट चरबी आणि कातडी. ही सगळ्यात वरची, सगळ्यांना दिसणारी आणि तब्येतीच्या दृष्टीने सगळ्यात कमी घाईची. कातडीवरचे चट्टे हळूहळू फिके होतात. पूर्ण पुसून टाकणारे मलम बाजारात नाही, कोणी काहीही सांगो.

या चार गोष्टींवर एकच उपाय चालत नाही. गर्भाशय आपोआप आकसते. चरबीला वेळ लागतो. मधले दोन, म्हणजे पोटाचे स्नायू आणि तळाची झोळी, यांना आधी विश्रांती आणि मग हलका, रोजचा व्यायाम लागतो.

पोट बांधावे की नाही

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या घरांनी सटवाईची पाचवी सोडली, विटाळ सोडला. पण 'पाणी पिऊ नको, पोट सुटेल' हे मात्र अनेक घरांत अजून चालू आहे. कालाम सुत्तात तथागतांनी ऐकीव आणि परंपरेने आलेली गोष्ट तपासून, हिताची असेल तरच घ्यायला सांगितले. बाळंतिणीच्या खोलीत हीच कसोटी लावली तर आजीबाईंच्या काही गोष्टी अगदी खऱ्या उतरतात आणि काही उतरत नाहीत.

पोट बांधणे अर्धे खरे आहे. सुती कापडाने किंवा पट्ट्याने पोटाला आधार मिळतो, कमरेला बरे वाटते. सिझर झाले असेल तर उठताना, चालताना टाक्यांवर ताण कमी येतो. तेवढ्यासाठी पहिले काही आठवडे दिवसा काही तास बांधायला हरकत नाही. पण पट्ट्याने चरबी जळत नाही, आणि स्नायूंची ताकद पट्टा परत आणून देत नाही. उलट करकचून बांधला तर पोटातला दाब वरही जात नाही, पुढेही येत नाही. तो खाली, त्या झोळीवर जातो. जी झोळी सावरायची आहे तिच्यावरच ओझे पडते. बांधल्यावर बोट सहज आत जायला हवे, श्वास पूर्ण घेता यायला हवा, जेवताना आणि झोपताना पट्टा काढायला हवा. टाके ओले असतील, खाज किंवा पुरळ असेल तर बांधू नका.

पाणी न देणे मात्र सरळ चुकीचे. पाण्याने पोट सुटत नाही. अंगावर पाजणाऱ्या बाईला पाणी जास्तच लागते, कमी पडले तर शौचाला खडा होतो, आणि कुंथणे हे त्या झोळीला हंडा उचलण्याइतकेच वाईट. कोमट पाणी द्या, गार द्या, पण मागेल तेवढे द्या. वस्तीत यामागे आणखी एक कारण असते हे मान्य केले पाहिजे. सार्वजनिक शौचालय लांब असते, रात्री दिवा नसतो, रांग असते, म्हणून बायका स्वतःच पाणी कमी पितात आणि लघवी दाबून धरतात. बाळंतिणीसाठी निदान सहा आठवडे घरातच सोय करा. मोरीत जागा करा किंवा भांडे ठेवा, आणि रात्री सोबत कोणीतरी जा. यात लाज कसली?

मालीश चांगली, पण पोट दाबून 'जागेवर बसवणे' नको, आणि सिझर झाले असेल तर पोटावर मालीश मुळीच नको. शेक घ्यायचाच असेल तर खिडकी-दार उघडे ठेवून. दहा बाय दहाच्या बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवली तर तिचा विषारी वायू आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकतो.

आणि आजीबाईंचे जे पूर्ण खरे आहे ते म्हणजे सव्वा महिना. जगभरचे डॉक्टर ज्याला सहा आठवडे म्हणतात तेच हे, चार-दोन दिवस इकडे तिकडे.

सव्वा महिना कोणाला मिळतो

पुस्तकात लिहायला सोपे आहे की सहा आठवडे जड उचलू नका. वस्तीत चार घरची धुणीभांडी करणारी ताई पंधराव्या दिवशी कामावर जाते, कारण नाही गेली तर ते घर दुसरीला दिले जाते. कचरा वेचणारीला, नाक्यावर उभे राहणाऱ्या मजूर बाईला एक दिवस बसले तर एक दिवसाचा पैसा गेला. पोट सुटण्याचे, कंबर धरण्याचे, अंग बाहेर येण्याचे मूळ बऱ्याचदा इथे असते. त्या बाईच्या आळसात नसते.

हा प्रश्न बाबासाहेबांनी फार आधी ओळखला होता. १९२८ साली मुंबई कायदे मंडळात गिरणी-कारखान्यातल्या स्त्रियांसाठी प्रसूती लाभाचे विधेयक आले, तेव्हा त्यांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार बऱ्याच अंशी सरकारने घेतला पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. विश्रांतीला त्यांनी दया म्हटले नाही, लाड म्हटले नाही. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला. पुढे १९६१ चा देशभराचा प्रसूती लाभ कायदा आला. त्यात बाळंतपणानंतरचे सहा आठवडे बाईला कामावर ठेवायलाच मनाई केली गेली, आणि २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली.

कायदा चांगला, पण तो कारखाने, खाणी, मळे आणि दहा किंवा जास्त कामगार असलेली दुकाने-आस्थापने यांच्यापुरता. घरकामाची ताई त्यात बसत नाही. तरी वस्तीतल्या अनेक जणी कंत्राटदाराकडे सफाईला, हाऊसकीपिंगला, पॅकिंगला असतात आणि त्यांच्या पगारातून ईएसआयसीचे पैसे कापले जातात. त्यांना आपला हक्क आहे हेच माहीत नसते. पगाराची पावती काढून बघा. इमारत बांधकामावर असाल आणि बांधकाम कामगार मंडळात नोंदणी असेल तर प्रसूतीसाठी वेगळे अर्थसाहाय्य मिळते. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या बाळाला ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाली तर ६,००० रुपये आईच्या खात्यात येतात. अर्ज आशाताई किंवा अंगणवाडीताईकडे. एवढ्या पैशात सव्वा महिना निघत नाही हे खरे. पण दोन घरचे काम महिनाभर सोडता येण्याएवढे तरी होते.

जिथे पैशाचा प्रश्न नाही तिथे घरच्यांचा आहे. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो पाणी, वर भांड्याचे वजन. सिझर झालेल्या बाईने सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नये असे डॉक्टर सांगतात. मग तो हंडा कोणी उचलायचा? घरात नवरा आहे, दीर आहे, सासरा आहे. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत नाचायला ज्या खांद्यांत जोर असतो, ते सकाळी नळावरही जाऊ शकतात. काही घरांत जातात, आणि त्या घरांच्या बाळंतिणी लवकर सावरतात हे कोणीही पाहून घ्यावे.

उठणे, बसणे, उचलणे

व्यायामाच्या आधी हे. पोटाची फट मिटते की वाढते हे दिवसभरात तुम्ही वीस वेळा कशा उठता यावर बरेच अवलंबून आहे. पाठीवर झोपलेले असताना सरळ मान वर करून झटक्यात उठू नका. आधी गुडघे दुमडा, कुशीवर वळा, हाताने जमीन रेटा आणि उठा. बाळाला उचलताना वाकू नका, गुडघ्यात बसा, बाळ छातीशी घ्या आणि उठताना श्वास सोडा. श्वास रोखून उचलले की सगळा दाब खाली जातो. खोकला, शिंक आली तर पोटावर हात किंवा उशी दाबून धरा. सिझरच्या टाक्यांना यानेच सर्वात जास्त आराम मिळतो.

पाणी भरणे टळतच नसेल तर हंड्याऐवजी छोटी कळशी, तीही अर्धी, आणि दोन फेऱ्या जास्त. कपडे धुताना उकिडवे बसण्याऐवजी पाट किंवा बुटके स्टूल घ्या. विहारात गेलात तर पहिले सहा आठवडे पंचांग प्रणामाचा आग्रह धरू नका. खुर्चीवर बसून हात जोडले तरी वंदना होते.

व्यायाम: कोणता, कधी, किती

जागा चटईएवढी पुरते. बाळ झोपलेले असताना दहा मिनिटे. साधे बाळंतपण झाले असेल तर पहिले दोन व्यायाम दुसऱ्या दिवसापासून करता येतात. सिझर झाले असेल तर दुखणे कमी झाल्यावर आणि लघवीची नळी काढल्यावर हेच दोन हळूहळू सुरू करा. बाकीचे डॉक्टरांना विचारून.

पहिला श्वासाचा. पाठीवर झोपा, गुडघे दुमडलेले, तळवे जमिनीवर, एक हात पोटावर. नाकाने श्वास घ्या, पोट हाताखाली वर येऊ द्या. मग तोंडाने हळूहळू सोडा आणि सोडताना बेंबी पाठीच्या कण्याकडे ओढली जातेय असे करा. जोर लावायचा नाही. आनापानात आपण श्वास जसा आहे तसा नुसता पाहतो. इथे तो मुद्दाम लांब सोडायचा, एवढाच फरक. ज्यांनी विहारात आनापान केले आहे त्यांना हा व्यायाम चटकन जमतो. पाच वेळा, मग दहा वेळा, दिवसातून दोनतीनदा.

दुसरा त्या तळाच्या झोळीचा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. लघवी आणि वारा दोन्ही एकाच वेळी अडवायचे आहेत असे समजून आतून वर ओढा. तीन ते पाच सेकंद धरा, तितकाच वेळ सैल सोडा. दहा वेळा, दिवसातून तीनदा. मांड्या आणि ढुंगण आवळायचे नाही, श्वास रोखायचा नाही. लघवी करताना मध्येच थांबवून हा सराव करू नका. फक्त कुठला स्नायू ते कळण्यासाठी एकदा करून पाहिले तर चालेल. हा व्यायाम कोणाच्या लक्षातही येत नाही, त्यामुळे पोळ्या लाटताना, बसमध्ये, बाळाला पाजताना करता येतो. फरक जाणवायला तीन महिने लागतात. दोन आठवड्यांत गळणे थांबले नाही म्हणून सोडून देणाऱ्याच जास्त असतात.

तिसरा कंबर टेकवण्याचा. तसेच पाठीवर झोपून, श्वास सोडत कमरेचा खोलगट भाग जमिनीला टेकवा, पाच अंक मोजा, सोडा. चौथ्यात त्याच स्थितीत एक टाच जमिनीवरून घासत पाय सरळ करा आणि परत आणा, मग दुसरा पाय. पोट फुगू द्यायचे नाही. साध्या बाळंतपणानंतर हे दोन पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात हळूहळू घेता येतात.

सहा आठवड्यांनंतर, रक्तस्राव थांबलेला असेल आणि टाके भरलेले असतील तर, पाठीवर झोपून गुडघे दुमडून कंबर वर उचलण्याचा व्यायाम सुरू करा. चालणे तर पहिल्या आठवड्यापासूनच. आधी घरात, मग गल्लीच्या टोकापर्यंत, मग रोज वीस मिनिटे.

काय करायचे नाही तेही लिहून ठेवा. पाठीवर झोपून सरळ उठून बसण्याचे व्यायाम, दोन्ही पाय एकदम वर उचलणे, नौकासन, कोपरांवर शरीर तोलून धरणे, दोरीवरच्या उड्या. टीव्हीवर पाहून कपालभाती सुरू करण्याची फार हौस असते. पहिले काही महिने ती नको, सिझरनंतर तर नकोच. स्नायूंची फट असताना हे प्रकार केले की ती मिटण्याऐवजी उघडते, आणि बाई म्हणते, मी इतका व्यायाम करते तरी पोट जात नाही.

फट आहे का ते घरीच बघता येते. सहा आठवड्यांनंतर पाठीवर झोपा, गुडघे दुमडा. बेंबीच्या जरा वर हाताची बोटे आडवी, शेजारी-शेजारी ठेवा. मान आणि डोके थोडेसेच उचला. दोन्ही बाजूंनी स्नायूंच्या कडा बोटांना लागतील. मध्ये एक-दोन बोटे मावली तर काळजी नाही. तीन किंवा जास्त मावली, किंवा बोटे खोल मऊ जागेत बुडाली, तर सरकारी रुग्णालयातल्या फिजिओथेरपी विभागात दाखवा. जिल्हा रुग्णालयात आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात हा विभाग असतो. आपल्याकडे बायका तिथे फक्त मोडलेल्या हातापायांसाठी जातात.

खाणे

वजन कमी करायचे म्हणून बाळंतिणीने उपाशी राहणे म्हणजे दोघांची उपासमार. पहिले सहा महिने अंगावर पाजणाऱ्या आईला रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात. त्यातल्या काही ती गरोदरपणात साठलेल्या चरबीतून वापरते, म्हणून नीट जेवून अंगावर पाजणाऱ्या अनेक जणींचे वजन हळूहळू आपोआप उतरते. स्नायू भरून यायला प्रथिने लागतात. अंडी, सुकट, बोंबील, मटणाचा रस्सा, डाळ, हरभरे, शेंगदाणे. आपल्या घरांत यातले बरेच काही खाल्ले जाते ही जमेची बाजू आहे. 'बाळंतिणीला अंडे उष्ण पडते' असे सांगून ते बंद करू नका. शेवग्याचा पाला, मेथी, नाचणीची भाकरी स्वस्त आणि उत्तम. डिंकाचा लाडू रोज एक पुरे, तूप-साखरेचे चार नकोत. परवडत नसेल तर शेंगदाणे-गूळ खा, काही अडत नाही. बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत अंगणवाडीतून आईला पोषण आहार मिळतो. तो आणा, आणि आणलेला आईने खावा.

लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायच्या असतात. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय आहे. अंगात रक्तच नसेल तर व्यायामाला ताकद कुठून येणार? गोळीने शौचाला काळे होते, त्याला घाबरू नका. चहासोबत घेऊ नका. पोट उतरवण्याची चूर्णे आणि काढे अंगावर पाजत असताना पूर्ण बंद. त्यातली बरीचशी नुसती जुलाबाची असतात.

'नसबंदीच्या ऑपरेशनने पोट सुटते' हेही खोटे. ऑपरेशनमध्ये फक्त गर्भनलिका बंद करतात, त्याने चरबी वाढत नाही. बाळंतपणानंतर लगेच ऑपरेशन होते, त्यामुळे बाळंतपणाचे सुटलेले पोट ऑपरेशनच्या नावावर खपते, इतकेच. हे कारण सांगून पुरुष निर्धास्त राहतात. पुरुषाची नसबंदी बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपी आहे हे त्यांना कोणी तरी सांगायला हवे. दोन बाळंतपणांत तीन वर्षांचे अंतर ठेवले तर पोटाच्या स्नायूंना सावरायला वेळ मिळतो. एकामागोमाग बाळंतपणे झाली की फट प्रत्येक वेळी थोडी जास्त रुंदावते. १९४२ मध्ये नागपूरच्या दलित महिला परिषदेच्या अध्यक्षपदावरून सुलोचनाबाई डोंगरे संततिनियमनावर उघडपणे बोलल्या होत्या. आज आपण सासूसमोर तो विषय काढायला कचरतो.

केव्हा थांबायचे नाही

काही त्रास घरच्या उपायांचे नसतात. पॅड तासाभरात भिजेल इतके रक्त जाणे, घाण वास येणारे पाणी जाणे, ताप, टाक्यांतून पू, एकाच पायाला सूज आणि दुखणे, धाप, डोके असह्य दुखणे किंवा डोळ्यांपुढे अंधारी, फिट. यातले काहीही झाले तर १०८ ला फोन करा, सकाळची वाट पाहू नका. बेंबीजवळ गोळी वर येते आणि झोपल्यावर आत जाते तो हर्निया असू शकतो. सवडीने पण नक्की दाखवा. ती गोळी कडक झाली, आत जाईना, दुखू लागली, उलट्या सुरू झाल्या तर मात्र त्याच क्षणी दवाखाना.

लघवी गळणे आणि अंग बाहेर येणे याला घाई नसते, पण उपचार असतात. व्यायामाने बऱ्याच जणींना फरक पडतो, आत बसवायची रिंग मिळते, गरज पडली तर ऑपरेशन होते. पन्नाशीच्या, साठीच्या कितीतरी आया वीस-वीस वर्षे हे लपवून वंदनेला, लग्नाला जायचे टाळतात. हा लेख सुनेसाठी वाचता वाचता एखाद्या सासूबाईंना स्वतःचे काही आठवले असेल तर त्यांनीही स्त्रीरोग विभागात जावे. झोळीचा तो व्यायाम त्यांच्या वयातही चालतो.

रुग्णालयात बाळंतपण झालेल्या घरी आशाताईने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी यायचे असते. ती बाळाचे वजन करते, ताप बघते आणि निघते, कारण तिलाही दहा घरे उरलेली असतात. तिला थांबवून आईविषयी विचारा: टाके कसे आहेत, लोहाच्या गोळ्या आहेत का, मातृ वंदनेचा अर्ज भरला का. ४२ व्या दिवशी सव्वा महिना सरलेला असतो, त्या भेटीत तिच्याबरोबर दवाखान्यात जायची तारीख ठरवा आणि डॉक्टरांना पोट तपासायला सांगा. नुसते बाळाला लस देऊन परत येऊ नका.